ऐनवेळी स्टारच्या बँडमध्ये गिटार घेऊन उभं राहायचं असेल तर

मे १९८३. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'सीरियस मूनलाइट' दौरा १८ तारखेला ब्रुसेल्सहून सुरू व्हायचा होता. तालमी झालेल्या, तिकिटं विकली गेलेली, आणि निघायच्या तोंडावर मुख्य गिटारवादक स्टीवी रे व्हॉन बँडमधून बाहेर. मानधनावरून आणि त्याच्या स्वतःच्या 'डबल ट्रबल' बँडला या दौऱ्यात किती वाव मिळणार यावरून त्याचा मॅनेजर आणि बोवीची माणसं यांचं फाटलं होतं. त्याला काढलं की तो निघाला, यावर दोन्हीकडून आजवर वेगवेगळं सांगितलं गेलंय. त्याच्या जागी आला अर्ल स्लिक. हातात मोजके दिवस आणि पुढ्यात दोन डझनांहून जास्त गाणी.

स्लिकला हा खेळ नवा नव्हता. १९७४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो बोवीच्या बँडमध्ये मिक रॉन्सनच्या जागी उभा राहिला होता. पुढे १९७६च्या दौऱ्याआधी तोच बाहेर पडला आणि त्याच्या जागी स्टेसी हेडन हा कॅनेडियन गिटारवादक आला. म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाणं आणि आपल्या जागी दुसरा येणं, दोन्ही त्याचं भोगून झालं होतं.

आपल्याकडे नाटकात ऐनवेळी रिप्लेसमेंट करणाऱ्या नटांचे किस्से रंगवून सांगतात. ऑर्केस्ट्रात किंवा पार्श्वगायकांच्या शोमध्ये तेच करणाऱ्या वादकाचं नाव मात्र कुणाला माहीत नसतं. हा लेख त्या वादकासाठी आहे. मुद्दा एकच, आणि तो आधीच सांगतो: सोलो, म्हणजे गिटारचा एकट्याने वाजवायचा तुकडा, सगळ्यात शेवटी बसवा. बहुतेक जण फोन ठेवला की आधी सोलोवरच तुटून पडतात. सोलो थोडा बदलला तर लोक चालवून घेतात. गायकाने श्वास घेतलाय आणि तुमची कॉर्ड दोन मात्रा उशिरा आली, तर तो ते कधीच चालवून घेत नाही.

फोनवरच विचारून घ्यायचं

फोन बहुतेक म्युझिक डायरेक्टरचा येतो, क्वचित मॅनेजरचा. "शुक्रवारपासून मोकळा आहेस का?" एवढंच विचारतात. हो म्हणा, पण लगेच ठेवू नका.

पहिला प्रश्न: कुठली गिटार? मोठ्या बँडमध्ये बहुधा दोन गिटारवादक असतात आणि दोघांचं काम सर्वस्वी वेगळं असतं. बोवीचा 'लेट्स डान्स' हा अल्बम डिसेंबर १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. त्यात ऱ्हिदम, म्हणजे लय धरणारी गिटार, नाइल रॉजर्सची आणि लीड, म्हणजे पुढे येऊन सोलो वाजवणारी, स्टीवीची. दौऱ्यावर रॉजर्स नव्हता. ऱ्हिदमची बाजू कार्लोस अलोमारकडे आली, तो बँडलीडरही होता. स्लिककडे आली स्टीवीची बाजू. तुम्ही घरी बसून रेकॉर्ड ऐकताना कानाला जी गिटार आधी लागते ती उचलता, आणि तालमीत कळतं की ती शेजारच्याची आहे. म्हणून "मी कुणाच्या जागी आणि तो नेमकं काय वाजवत होता" हे स्पष्ट विचारा.

दुसरा: कुठलं व्हर्जन? 'लेट्स डान्स' हेच गाणं अल्बमवर साडेसात मिनिटांहून लांब आहे, सिंगलवर चार मिनिटांच्या आसपास. स्टेजवरचं तिसरंच असतं. अलीकडच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मागा, शक्यतो मिक्सरवरून घेतलेलं. ते नसेल तर प्रेक्षकांनी मोबाइलवर काढलेलं चालेल; आवाज खराब असला तरी गाण्याची रचना कळते. गायकाचा सूर वयानुसार किंवा दौऱ्याच्या थकव्याने उतरलेला असतो, तोही त्यातच कळतो.

तिसरा: क्लिक (कानात वाजणारा लयीचा ठोका) आणि प्लेबॅक (आधी ध्वनिमुद्रित केलेले भाग) आहे का? आजच्या पॉप शोमध्ये बहुतेक वेळा असतोच. कीबोर्डचे थर, कोरस, तालवाद्यं संगणकावरून सुटतात, बहुधा एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमधून, आणि त्याच टाइमकोडवर, म्हणजे वेळेच्या खुणांवर, दिवे आणि पडद्यावरची चित्रं चालतात. अशा शोमध्ये रंगात येऊन सोलो दोन आवर्तनं वाढवायची सोयच नसते. प्लेबॅक असेल तर तुमच्या गिटारचा वेगळा ट्रॅक, म्हणजे स्टेम, मागून घ्या. आणि तुमचा ट्रॅक बंद करून बाकीचा बँडही मागा. ही एक फाइल सगळ्या सरावाचं सोनं करते.

चौथा, जरा नाजूक: आधीचा परत येणार आहे का? तो का गेला याच्या खोलात शिरू नका. तुम्हाला चार शोसाठी बोलावलंय की वर्षभरासाठी, एवढंच कळायला हवं.

पैशाचं पहिल्या तालमीआधी

ऐनवेळी बोलावलं की आयोजकांना घाई असते, आणि आपल्याला संधीचं अप्रूप. या दोन्हींच्या मध्ये मानधनाचं बोलणं राहून जातं.

जुलै १९७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या टॉवर थिएटरमध्ये बोवीच्या वादकांच्या लक्षात आलं, की आजच्या कार्यक्रमाचं लाइव्ह अल्बमसाठी ध्वनिमुद्रण होतंय आणि आपल्याला कुणी विचारलेलंही नाही. प्रत्येकी ५००० डॉलर मिळाल्याशिवाय स्टेजवर जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बासवादक हर्बी फ्लॉवर्स पुढे होता, आणि स्लिकही त्याच बँडमध्ये होता. असे ऐन पडद्याआडचे तंटे जमलेल्या बँडलाच परवडतात. नव्या माणसाने असं केलं तर दुसऱ्या दिवशी तिसराच गिटारवादक येतो. त्यामुळे हे सगळं आधीच लिहून घ्यायचं.

लिखित म्हणजे वकिली करार असलाच पाहिजे असं नाही, ईमेल पुरते. त्यात असावं: प्रत्येक शोचं मानधन, तालमीच्या दिवसांचे पैसे (हे सर्रास विसरतात), प्रवास, राहणं आणि रोजचा भत्ता, कार्यक्रम रद्द झाला तर किती, टीव्हीसाठी, ओटीटीसाठी किंवा अल्बमसाठी चित्रीकरण झालं तर वेगळे किती, पैसे किती दिवसांत. भारतात कंपनी पैसे देत असेल तर व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जातो. ठरलेला आकडा कापण्याआधीचा की हातात पडणारा, तेही विचारून ठेवा. यावरून शेवटच्या दिवशी होणारी वादावादी मी खूप पाहिली आहे. गुप्ततेच्या कागदावर सही मागतील, ती करा. पण 'या कालावधीत दुसरीकडे वाजवणार नाही' असं कलम त्यात असेल, तर त्या कालावधीचे पैसे मिळणार आहेत का ते बघा. स्टीवीचं मुळात इथेच बिनसलं होतं. त्याचं स्वतःचं काम उभं राहत होतं, आणि ते बाजूला ठेवायची त्याची तयारी नव्हती. त्याचं काही बिघडलं नाही हे खरं. त्याचा पहिला अल्बम पुढच्याच महिन्यात, जून १९८३ मध्ये, बाजारात आला. पण सगळ्यांच्या खिशात तयार अल्बम नसतो.

गाणी बसवणं

समजा चार दिवस आहेत आणि पंचवीस गाणी.

पहिल्या दिवशी गिटार पेटीतच राहू द्या. गाणी क्रमाने ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक गाण्याला एकच पान घ्या. वर सूर आणि लय. मग गाणं कोण सुरू करतं, तुम्ही कुठल्या शब्दावर शिरता, कुठे गप्प बसता, शेवट कसा होतो: एकदम तुटतो, लांबवतात, की ड्रमरच्या इशाऱ्यावर. मधल्या कॉर्ड्स सध्या लिहिल्या नाहीत तरी चालेल. वाक्यांच्या मधले सांधे मात्र शब्दासकट लिहा: 'दुसऱ्या कोरसनंतर चार बार रिकामे, फक्त ड्रम्स, मग मी.' (बार म्हणजे तालाचं एक माप, बहुधा चार मात्रांचं; व्हर्स म्हणजे कडवं, कोरस म्हणजे ध्रुवपद, ब्रिज म्हणजे मधला वेगळा भाग.) स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, येत असेल तर उत्तम, पण अंधाऱ्या स्टेजवर, तिरक्या प्रकाशात, मोठ्या अक्षरात लिहिलेलं मराठी वाक्य जास्त लवकर वाचता येतं.

कॉर्ड्स लिहाल तेव्हा शक्य तिथे आकड्यांनी लिहा. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे सेशनवाले, म्हणजे स्टुडिओत वाजवणारे वादक, असंच लिहितात: मूळ सुराची कॉर्ड १, मग ४, ५, ६ मायनर. सरगम येणाऱ्याला ही पद्धत तासाभरात कळते, कारण सा कुठेही धरला तरी प चं नातं बदलत नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तिचा उपयोग ज्या दिवशी गायक साउंड चेकला घसा खाकरून "आज अर्धा सूर खाली" म्हणतो, त्या दिवशी होतो. मोकळ्या तारांवर बांधलेल्या रिफला (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीला) मात्र आकडे वाचवत नाहीत. तिथे अर्धा सूर उतरवलेली दुसरी गिटारच लागते. मायकेल जॅक्सनचं 'बीट इट' रेकॉर्डवर ई फ्लॅट मायनरमध्ये आहे. साध्या ट्यूनिंगच्या गिटारवर तो रिफ वाजवून बघा, हात का अडखळतो ते कळेल.

संध्याकाळी गाण्यांचे तीन गठ्ठे करा. एकात जी गाणी तुम्ही सुरू करता किंवा ज्यात तुम्ही काही काळ एकटे ऐकू येता ती. दुसऱ्यात ठळक रिफ आहे पण सगळा बँड सोबत आहे अशी. तिसऱ्यात नुसती भरण. सरावाचा निम्मा वेळ पहिल्या गठ्ठ्याला, मग तो चारच गाण्यांचा असला तरी. तिसऱ्या गठ्ठ्यातली गाणी तालमीत आपोआप बसतात.

दुसऱ्या दिवशी फक्त सांधे वाजवा. व्हर्सचे शेवटचे दोन बार आणि कोरसचे पहिले दोन, थांबा, पुन्हा. कोरसचा शेवट आणि ब्रिजची सुरुवात, थांबा, पुन्हा. फार कंटाळवाणं काम आहे. पण गाण्याच्या मधोमध क्वचितच कुणी चुकतं. घसरगुंडी होते ती वळणावर. सराव एका कानात क्लिक ठेवून करा, कारण स्टेजवर तो तसाच येणार आहे आणि त्याची सवय नसलेला चांगला वादकही पहिल्या दिवशी लयीत ताठरतो.

तिसऱ्या दिवशी उभं राहून, गिटार गळ्यात, शोचे बूट घालून, सगळी गाणी ठरलेल्या क्रमाने, न थांबता. चुकलं तरी पुढे जायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त आपले प्रवेश ऐका, बाकी सोडून द्या. गाण्यांच्या मधल्या वेळेकडेही लक्ष द्या: गिटार बदलायची आहे, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आहे, पॅच (यंत्रात साठवलेला आवाज) बदलायचा आहे, आणि त्याला सहा सेकंद आहेत. हे पहिल्यांदा स्टेजवर कळू नये. सोलो याच दिवशी दुपारनंतर.

चौथा दिवस आवाजाचा. त्याबद्दल खाली.

नक्कल कुठे करायची आणि कुठे नाही

इथे मतं वेगळी असतात, माझं सांगतो. जी ओळ प्रेक्षक तोंडाने गुणगुणतात ती सार्वजनिक मालमत्ता. ती जशीच्या तशी वाजवा, तुमची कला तिथे दाखवू नका. 'बीट इट'मधला १९८२चा एडी व्हॅन हेलनचा सोलो या वर्गातला आहे. १९८७ मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'बॅड' दौऱ्यासाठी शंभरेक गिटारवादकांतून जेनिफर बॅटनची निवड झाली. हा सोलो ती आधीपासून दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये वाजवत होती, आणि चाचणीतही तिने तो वाजवला. २००९ मध्ये लंडनच्या ओटू अरीनातल्या कार्यक्रमांसाठी ओरिआन्थीला बोलावलं, तेव्हा तिच्याही हातून हाच सोलो ऐकला गेला. (ते कार्यक्रम झालेच नाहीत, जॅक्सन २५ जून २००९ ला गेला.) गिटार हातात घेणारा माणूस बदलला, सोलो नाही. १९९६-९७च्या 'हिस्टरी' दौऱ्यातही काही काळ बॅटनच्या जागी ग्रेग हाउ होता. याच दौऱ्याचा एक मुक्काम १ नोव्हेंबर १९९६ ला आपल्या अंधेरीच्या क्रीडा संकुलात पडला होता. त्या दौऱ्याला गेलेल्या कुणालाही विचारा, मूनवॉक सांगतील. गिटार कुणाच्या हातात होती हे सांगणारा विरळा.

याच्या उलट 'लेट्स डान्स'च्या शेवटाकडचा स्टीवीचा सोलो. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगच्या वळणाने ओढलेल्या तारा, मोजके सूर. तो सोलो सूर लिहून उतरवता येतो, पण त्याची ओढ उतरत नाही. स्लिकने दौऱ्यावर स्टीवी व्हायचा प्रयत्न केला नाही. त्याच्या हातात रॉकचा धारदार आवाज होता, तोच वाजवला. हेच बरोबर होतं असं मला वाटतं. ज्या सोलोत सुरांपेक्षा माणूस जास्त आहे, तिथे पहिली ओळ मूळची घ्या म्हणजे ओळख पटते, शेवटची ओळ मूळची घ्या म्हणजे बँडला समेवर येता येतं, आणि मधलं स्वतःचं वाजवा. पण आधी म्युझिक डायरेक्टरला ऐकवा. काही गायकांना आपल्या गाण्यातला एक सूरही हललेला खपत नाही, आणि गाणं त्यांचं आहे.

आवाज आणि सामान

आधीच्या माणसाचे पॅच मिळाले तर घ्या. हेलिक्स, केम्पर, फ्रॅक्टल, क्वाड कॉर्टेक्स, गिटारचा आवाज घडवणारं जे यंत्र असेल त्याची फाइल. पुष्कळदा पॅच बदलण्याचे मिडी संदेश (वाद्यं आणि संगणक यांच्यातले डिजिटल आदेश) प्लेबॅकच्या संगणकावरूनच सुटतात. तसं असेल तर तुमच्या यंत्रावरचे पॅच क्रमांक त्या यादीशी जुळलेच पाहिजेत. नाहीतर नाजूक गाण्याच्या पहिल्या ओळीला तुमच्याकडून जबरदस्त डिस्टॉर्शन सुटेल.

पॅच मिळाले नाहीत तर पंचवीस गाण्यांना पंचवीस आवाज करत बसू नका. स्वच्छ, किंचित खरखरीत, जाड आणि सोलो: हे चार आवाज आणि त्यांवर डिले, म्हणजे सुराचा थोड्या वेळाने येणारा प्रतिध्वनी. चारही पॅचची पातळी एकमेकांशी जुळवा, आणि हे घरच्या हेडफोनवर नाही तर मोठ्या आवाजात करा. सोलोचा पॅच बाकीच्यांपेक्षा थोडाच वर असावा.

डिले गाण्याच्या लयीला बांधलेला हवा. गणित सोपं आहे: ६०,००० ला लयीने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. लय ११५ असेल तर ५२२. पाऊण मात्रेचा हवा असेल तर ३९१. रॉजर्सच्या 'लेट्स डान्स'मधल्या तुटक कॉर्ड्सचा चेहरा म्हणजे हाच डिले. तो वीस मिलिसेकंदांनी चुकला की कॉर्ड्स बरोबर असूनही गाणं लंगडतं.

दोन गिटारी न्या. तारा शोच्या आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी नाही; नव्या तारा उतरत राहतात. परदेशी जात असाल तर विमानतळावर कस्टम्सकडून सामानाचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना नवं सामान आणलंय असं कुणी म्हणणार नाही; जास्त सामान असेल तर एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचं कागदपत्र) लागतं, ते आपल्याकडे फिक्की ही उद्योगसंघटना देते. जुन्या गिटारीत ब्राझिलियन रोझवुड असेल तर ती घरीच ठेवलेली बरी, त्या लाकडावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

पहिली तालीम

अर्धा तास आधी पोहोचा. यंत्र लावा, इन-इअरमध्ये (कानातल्या स्टेज-हेडफोनमध्ये) आपल्याला काय हवं ते मॉनिटर इंजिनिअरला नम्रपणे सांगा: क्लिक, गायक, किक आणि स्नेअर, मग आपण. स्वतःला फार मोठं ठेवू नका, नाहीतर बाकीच्यांचे इशारे बुडतात. म्युझिक डायरेक्टरचा टॉकबॅक, म्हणजे फक्त वादकांना ऐकू जाणाऱ्या सूचना, कुठल्या कानात येतो ते बघा, आणि तो 'दोन' म्हणतो तेव्हा दुसरा व्हर्स की दोन बार, हे पहिल्याच ब्रेकमध्ये विचारून टाका.

सगळ्यात आधी मैत्री करायची ती ड्रमर आणि दुसऱ्या गिटारवादकाशी. अलोमार नसता तर १९८३ मध्ये स्लिकचं काय झालं असतं, कोण जाणे. त्या माणसाच्या डोक्यात सगळा शो होता आणि नव्याला बाजूला घेऊन तो शिकवायची त्याची तयारी होती. प्रत्येक बँडमध्ये असा एक दादा असतो. त्याच्याशेजारी बसा आणि त्याचा हात बघा. तुमच्या दोघांच्या कॉर्ड्स गिटारच्या एकाच जागी पडत असतील तर तुम्ही सरका, तो नाही.

आणि जुन्या वादकाबद्दल बोलणं निघेल. ड्रमर म्हणेल, "तो इथे काय वाजवायचा ना..." ऐकून घ्या, कामाचं असेल ते उचला. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध एक शब्द बोलू नका. ती माणसं वर्षानुवर्षं एका बसमध्ये झोपलेली असतात. आज त्याला शिव्या घालणारा उद्या त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला जाणार असतो. त्याला स्वतःहून फोन करायचा का? त्याने भांडून सोडलं असेल तर नाही. आजारपण किंवा तारखांमुळे तो नसेल तर जरूर करा. दहा मिनिटांत तो असं काही सांगतो जे चार दिवस ऐकून सापडत नाही: कुठल्या गाण्यात गायक शब्द विसरतो, कुठे आधीच शिरतो, कुठे तुमच्याकडे बघतो.

शोच्या दिवशी

नवीन काहीही करू नका. पानं क्रमाने लावून पायाशी चिकटवा, टॅबलेट वापरत असाल तरी. गाणं सुटलंच तर हात तारांवर ठेवून आवाज बंद करा, पुढचा सांधा येईपर्यंत थांबा आणि तिथे शिरा. चुकीची कॉर्ड ठासून वाजवण्यापेक्षा चार बारांची शांतता बरी. प्लेबॅक असेल तर ती बहुतेकांना ऐकूही येत नाही. चेहऱ्यावर मात्र काही दिसू देऊ नका.

कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री, अंगात शो आहे तोवर, पानांवर खुणा करून ठेवा: काय बदललं, कुठे लय वाढली, कुठला शेवट लांबला. बिल आठवड्याच्या आत पाठवा. कराराप्रमाणे ट्रॅक परत करायचे किंवा पुसायचे असतील तर तेही लगेच करा. पानं आणि पॅच मात्र तारीख घालून जपा, कारण वर्षाने पुन्हा फोन आला तर सगळं तयार असावं. आणि मूळचा वादक परत येत असेल तर त्याला ती पानं पाठवून द्या. तो नसताना कुठल्या गाण्याचा सूर उतरला आणि कुठला ब्रिज कापला, हे आता फक्त तुम्हालाच माहीत आहे.